थडगं नंबर ३ : दफनभूमीच्या कामाची वही

१२ मे २०२४, रविवार

साइटवर वही ठेवायची सवय आहे मला. सिमेंटच्या गोण्या किती उतरल्या, मजूर किती आले, क्युरिंगचं पाणी मारलं की नाही, सगळं लिहितो. ही पण तशीच वही समजा, फक्त ह्या कामाचं बिल निघणार नाही.

झालं असं की ग्रामपंचायतीच्या नालीचं काम माझ्याकडं आलं. शाळेमागून काढून नाल्यात सोडायची, एकशेसाठ मीटर. आखणी करायला गेलो तर लाइन सरळ घुसते शकुंतलेच्या रुळाजवळच्या त्या काटेरी तुकड्यात, ज्याला गावात इंग्रजाची मसनवट म्हणतात. मूर्तिजापूर-कारंजा पट्ट्यातल्या माणसाला शकुंतला सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो, वऱ्हाडातला कापूस वाहायला इंग्रजांच्या काळात टाकलेली लहान रुळाची गाडी, आता बंद पडलेली. तुकडा रेकॉर्डला ई-क्लास आहे, म्हणजे सरकारी, म्हणजे कोणाचाच नाही, म्हणून एस्टिमेट करणाऱ्यानं पट्टी ठेवून रेघ मारून टाकली. लहानपणी आम्ही तिथं बोरं खायला जायचो आणि दिवस बुडायच्या आत घरी यायचो.

जेसीबीवाल्यानं बेशरम आणि बाभळी बाजूला केल्या आणि बकेटला दगड लागला म्हणून थांबला. पोरगा चांगला निघाला, थांबला तरी. खाली पांढरा संगमरवर, एक बाजू मातीत रुतलेली. वरच्या ओळींमधे चौकोनी चौकोनी अक्षरं, उर्दू नाही, इंग्रजी तर नाहीच, आणि त्याच्या खाली, मी दोनदा वाकून पाह्यलं, मराठी. पहिली ओळ बरीचशी गेलेली, शेवटी मात्र स्वच्छ "कर यांची कन्या", मग एक ओळ अर्धवट, मग "वय वर्षे ३", आणि तळाला "जुलई १९११".

इंग्रजाच्या मसनवटीत "कर" कुठून आला?

मोबाइलवर एक फोटो काढला, घाईत, उन्हाकडं पाठ करून, म्हणजे माझीच सावली दगडावर. जेसीबी परत पाठवला. भाडं खिशातून.

१९ मे, रविवार

आजची नोंद लिहायची इच्छा नाही पण लिहितो.

दोन पोट्टे आणि मी असे साफसफाईला गेलो. दगड काळाहिरवा पडलेला, शेवाळ वाळून पापुद्रा झालेला. मी कॉन्ट्रॅक्टर माणूस, फरशी काळी पडली की काय करतो आपण, ॲसिड मारतो. घरी बाटली होती. ओतली. ओतल्याबरोबर फसफस फेस आला, पोट्टे खूश, "भौ, कसं निंघून राह्यलं पाहा!" मग मी तारेचा ब्रश फिरवला. पाच मिनिटांत दगड शेंगदाण्याच्या दाण्यासारखा पांढरा.

धुऊन पाह्यलं तर "कर" जागेवर होतं, त्याच्या आधीची जी पुसट अक्षरं बोटानं तरी लागत होती ती लागेनात. फेस शेवाळाचा नव्हताच, तो दगडाचा होता. संगमरवर म्हणजे चुनखडीचाच भाऊ, ॲसिड पडलं की गॅस होऊन उडतो. डिप्लोमाला हे शिकलो होतो, परीक्षेत लिहिलं पण होतं, मार्क मिळाले होते.

एकशे तेरा वर्षांच्या पावसानं जे केलं नाही ते मी एका बाटलीत केलं. बाटली चाळीस रुपयाची.

२६ मे, रविवार

भाचा पुण्याला शिकतो, त्याला फोटो पाठवला होता. तो कॅम्पातल्या लाल देवळात जाऊन विचारून आला. लाल देऊळ म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, ओहेल डेव्हिड, १८६७ चं, डेव्हिड ससूननं बांधायला घेतलेलं, त्याचं थडगं पण तिथंच आवारात आहे. तिथं कळलं की वरची अक्षरं हिब्रू आहेत आणि खालची मराठी आहे म्हणजे हे बहुतेक बेने इस्रायल. कोकणातले मराठी ज्यू. आडनावं गावावरून, पेणकर, रोहेकर, दिवेकर, नागावकर, अष्टमकर. इंग्रजांच्या राज्यात रेल्वे, पलटण, दवाखाना, पोस्ट, अशा नोकऱ्यांमुळं ते कुठं कुठं गेलेले. आमच्याकडं कशानं आले असतील ते दगडावर लिहिलेलं नाही, मी पण जोडणार नाही. रूळ दीडशे पावलांवर आहे एवढं लिहून ठेवतो.

पारावर सांगितलं तर कोणाला पटेना. ज्यू म्हणजे टीव्हीवरचे, युद्धातले. मग मी भाच्यानं सांगितलेलं सांगितलं, की कोकणात हे लोक तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणायचे. आमच्या पारावर निम्मे तेली. एक बुढा लगेच म्हणाला, "मंग आमचेच म्हना ना! हप्त्यातून येक दिस घाना बंद ठिवते, तेवढाच फरक." तेव्हापासून विषय सोपा झाला.

२ जून, रविवार

पावसाच्या आधी जेवढं होईल तेवढं.

टेपनं मोजून कागदावर नकाशा काढला. भिंत काळ्या दगडाची, चुन्यातली, चोवीस बाय सतरा मीटर, दोन ठिकाणी पडलेली, ईशान्य कोपऱ्यात पिंपळ. आत अकरा. त्यातले तीन दगडाचे, बाकी आठ नुसते उंचवटे, काहींच्या भोवती गोटे लावलेले. नंबर दिले पण दगडावर रंगानं नाही, खुंटीला पत्र्याचा बिल्ला अडकवून. नंबर ३ म्हणजे ती मुलगी. नंबर १ वर हिब्रू फक्त दोन ओळी, नंबर ७ शहाबादी फरशीचं, पापुद्रे सुटलेलं, वाचता येत नाही.

जमिनीला भेगा इतक्या की नंबर ३ च्या बुडाशी अख्खं बोट जातं. आपली काळी माती म्हणजे वावराला सोनं आणि बांधकामाला वैरी. उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, दरवर्षी दगड थोडा उचलते थोडा सोडते, आणि सोडताना आधीच्या जागी सोडत नाही. मागून ओळंबा सोडला, दगड रुळाच्या बाजूला साडेतीन सेंटिमीटर झुकलाय. उंची ८८ सेंटिमीटर.

संध्याकाळी दगड आणि त्याची बैठक ह्यांच्यातली फट सिमेंटनं भरली. आभाळ भरून आलं होतं, पाणी आत जाऊ नये म्हणून. एकास तीन माल, नीट घोटून दिला, मला फार बरं वाटलं.

१५ ऑगस्ट, गुरुवार

मधे पेरणी, दुबार पेरणी, घरकुलाची चार कामं, इकडं फिरकलो नाही.

आज झेंड्यानंतर ग्रामसभा. नालीचा विषय मीच काढला, लाइन बदलायची म्हणून. एक सदस्य म्हणाले, "मेलेल्यायसाठी नाली वाकडी करता काय? अन तेही कोनाचे, ना आपल्या जातीचे ना आपल्या गावचे." दुसऱ्यानं विचारलं असे लोक राज्यात आहेत तरी का. मी म्हणलं आहेत, २०१६ मधे महाराष्ट्र सरकारनं त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिलाय, मात्र उरलेत थोडे, १९४८ नंतर बरेच इस्रायलला गेले, आणि तिकडं जाऊन पण मराठी नियतकालिक काढलं, नाव मायबोली. हे ऐकून शाळेच्या हेडमास्तरांनी "वा" म्हणलं, बाकी सभा चहाकडं पाहत होती.

सरपंचताई बऱ्याच वेळ गप्प होत्या. शेवटी म्हणाल्या, "भाऊ, तुमी सांगा, वाकडी केली तर पानी वाहीन का?" मी म्हणलं उतार बसवून देतो. "अन जास्तीचा पैसा?" इथं मी गप्प. ठराव पुढच्या सभेवर.

१ सप्टेंबर, रविवार

उद्या पोळा, बैल धुवायचं सोडून मसनवटीत गेलो म्हणून घरच्यांची बोलणी खाल्ली.

गाजरगवत छातीइतकं. गावातल्या एकानं तणनाशकाचा पंप आणून ठेवला होता मदत म्हणून, नको म्हणलं. ते मातीत मुरतं, त्यातले क्षार ओलीबरोबर दगडात चढतात, आणि एवढा शहाणपणा मला मे महिन्यानंतर आलाय. हातानं उपटलं, हातमोजे घालून, तरी अंगाला खाज सुटलीच.

नंबर ३ पाह्यलं आणि मटकन खाली बसलो. मी भरलेलं सिमेंट जसंच्या तसं, तडा नाही, मात्र त्याच्या वर चार बोटं संगमरवराला लोणा लागलाय. पांढरी भुकटी, बोट लावलं की साखरेसारखी सुटते. आधी जी ओल फटीतून बाहेर पडत होती तिचा रस्ता मी बंद केला, मग ती दगडातून चढली आणि वाळताना क्षार तिथंच सोडून गेली. जुन्या माणसांनी तिथं चुना भरला होता तो उगाच नव्हता. चुना मऊ, तो ओल पितो आणि सोडतो, झिजायचं असलं तर तो झिजतो आणि दगड वाचतो. सिमेंट कडक, ओल पण सोडत नाही, मग झिजणार कोण?

२९ सप्टेंबर, रविवार

ठाण्याचे काका आले, बेने इस्रायल समाजातले. लाल देवळातून माझा मोबाइल नंबर फिरत फिरत त्यांच्यापर्यंत गेला होता. रेल्वेतून रिटायर, वय चौऱ्याहत्तर. मूर्तिजापूर स्टेशनवर घ्यायला गेलो तर पांढरा शर्ट, डोक्यावर लहान टोपी, हातात कापडी पिशवी, मला आपल्या हेडमास्तरांचे थोरले भाऊच वाटले. काल येणार होते का विचारलं तर म्हणाले, "शनिवारी नाही हो, शब्बाथला आम्ही कबरस्तानात जात नाही."

आमच्याकडं पितृपक्ष चालू आहे हे मी त्यांना सांगितलं, तर हसले. त्यांच्यात पण हाच महिना मेलेल्यांच्या भेटीचा, एलूल, नवीन वर्षाच्या आधीचा. महिने त्यांचे पण चंद्रावर. येत्या २ तारखेला आमची सर्वपित्री अमावस्या आणि त्याच संध्याकाळी त्यांचं नवीन वर्ष लागतंय. आमची बुढी चुलीजवळून ओरडली, "मंग खीर खाल्ल्याबिगर जाऊ नोका!" दूध-मटणाचे त्यांचे नियम वेगळे, मटण काही आम्ही केलं नव्हतं, खीर खाल्ली.

नंबर ३ समोर त्यांनी गुडघे टेकायचा प्रयत्न केला, जमलं नाही, खुर्ची आणली. चष्मा लावून वरची अक्षरं बोटानं हवेत फिरवत वाचली. पहिली दोन, पे आणि नून, म्हणजे "इथे पुरलेली". हिब्रूच्या तळाला सुटी सुटी पाच अक्षरं, ताव, नून, त्सादी, बेत, हे. पूर्ण वाक्याची पहिली पहिली अक्षरं आहेत म्हणे, अर्थ असा की हिचा जीव जिवंतांच्या गाठोड्यात बांधलेला राहो. त्यांच्या बायबलातल्या शमुवेलाच्या पुस्तकातलं वाक्य, जवळजवळ प्रत्येक थडग्यावर असतं. गाठोडं. मला वाटलं होतं काहीतरी स्वर्गाबिर्गाचं असेल.

वर्ष पण अक्षरात. ताव चारशे, रेश दोनशे, आयिन सत्तर, आलेफ एक, झाले सहाशे एकाहत्तर, वरचे पाच हजार लिहीत नाहीत, धरायचे. ५६७१. त्यातून ३७६० वजा केले की १९११. खालच्या मराठीशी टॅली. पावसाळा होता म्हणून इथून वजाबाकी सरळ लागते, दिवाळीच्या आसपासची तारीख असती तर एक जास्त धरावा लागला असता, त्यांचं वर्ष तेव्हा बदलतं.

मग मला ॲसिडचं सांगावं लागलं. सांगितलं. काका काही बोलले नाहीत, दगडावरून हात फिरवला, आणि म्हणाले, "आता घासू नका. काहीच करू नका थोडे दिवस." रागावले असते तर बरं झालं असतं.

कद्दीश म्हणतात ते मेलेल्याच्या नावानं म्हणायची प्रार्थना, तिला दहा मोठे पुरुष लागतात. आम्ही मोजले तर मी, भाचा, हेडमास्तर, तो तेली बुढा, जेसीबीवाला पोरगा, असे काकांना धरून अकरा भरलो. काका म्हणाले, "चालत नाही हो. आमचेच दहा लागतात." मग एकट्यानं म्हणायचं एक स्तोत्र म्हणले, हिब्रूत, आणि मग दोन वाक्यं मराठीत, तिला "पोरी" म्हणून. जाताना खाली वाकून मुरमाचा एक खडा उचलला आणि दगडाच्या माथ्यावर ठेवला. फुलं आणली होती आम्ही, ती तशीच हातात राह्यली. फाटकाबाहेर आल्यावर हात धुवायला पाणी मागितलं. ह्याचं कोणाला काही वाटलं नाही, मसनातून आल्यावर आपण पण धुतोच.

नालीची आखणी दाखवली तेव्हा मात्र ते सरळ बसले. त्यांच्या तालमुदात, म्हणजे धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथात, मेगिल्ला म्हणून भाग आहे त्यात कबरस्तानाचे नियम लिहिलेत. तिथं थट्टामस्करी करायची नाही, गुरं चारायची नाहीत, गवत गोळा करायचं नाही आणि केलंच तर तिथंच जाळायचं, आणि, हे त्यांनी दोनदा सांगितलं, त्यातून पाण्याचा पाट न्यायचा नाही. पाण्याचा पाट! मी वहीत तारीख टाकून लिहून घेतलं. आमचं एस्टिमेट करणाऱ्याच्या दीड हजार वर्षं आधी कोणीतरी हे एस्टिमेट नामंजूर करून ठेवलंय.

गुरं चारायच्या नियमावर आमची बकऱ्यावाली आजी नाराज. तिच्या बकऱ्या होत्या म्हणून निदान उंचवटे तरी दिसत राह्यले हे खरंच आहे. काकांनी तिला हात जोडले आणि म्हणाले आजी, आजपर्यंतचं माफ. ती म्हणाली, "अन उद्यापासून कुठी नेऊ?" ह्याचं उत्तर कोणाकडं नव्हतं.

२० ऑक्टोबर, रविवार

आचारसंहिता लागली, नालीचं काम ठप्प. कापूस वेचणी सुरू, मजूर भेटत नाही. एकटाच गेलो.

सकाळी साडेसातला, आरसा घेऊन, घरचा, बाथरूममधला. दगडाच्या बाजूनं ऊन पाडलं, आडवं, एकदम कडेनं. समोरून जे दिसत नाही ते आडव्या उजेडात सावली पाडतं. खडू घासायचा नाही, पीठ चोळायचं नाही, आरसा फिरवायचा बस.

अक्षरं मुळात शिशाची होती हे आत्ता कळलं. कारागीर उथळ अक्षर कोरतो, त्यात गिरमिटानं बारीक भोकं पाडतो, शिसं ठोकून बसवतो, भोकात गेलेलं शिसं मुळासारखं धरून ठेवतं. "कर" मधलं शिसं अजून आहे, काळपट. बाकीचं कधीतरी टोकरून काढलं पोरांनी, गळाला वजन लावायला, म्हाताऱ्यांपैकी एक जण कबूल झालाय, नाव लिहीत नाही. म्हणजे ॲसिडनं उथळ कोरणी खाल्ली तरी भोकं उरलीत. भोकं खोल असतात.

तीन तास टिंबं कागदावर उतरवली. "कर" च्या आधी दोनच अक्षरांची जागा आहे. शिरोरेघेच्या वर भोकं आहेत ती फक्त दुसऱ्या अक्षरावर, म्हणजे मात्रा दुसऱ्याला. पेण असतं तर मात्रा पहिल्यावर आली असती, तर पेणकर नाही. रोहे असतं तर दोघांवर, तर रोहेकर पण नाही. पहिल्या अक्षराच्या डावीकडं जिथं वेलांटी असती तिथला टवकाच गेलाय. काकांना फोन केला, ते लगेच म्हणाले दिवेकर. असेल. पण कोकणात दोन अक्षरी गावं काय तीनच आहेत का? वहीत लिहिलं, "दोन अक्षरं, दुसऱ्यावर मात्रा, पुढे कर." जे दिसलं ते.

मुलीचं नाव तीन अक्षरी. पहिलं आणि शेवटचं लागलं. मधल्याच्या जागी भोकंच दोन, त्यात काकांनी सांगितलेली दोन वेगवेगळी नावं बसतात. १२ मेच्या फोटोत तिथं कोरणी होती, दिसतेय पण अर्धवट, कारण तिच्यावर माझ्या डोक्याची सावली आहे.

दुपारी चुनकळी आणून ठेवली, संध्याकाळी ड्रममधे विझवली. पाण्यात टाकली की आधण आल्यासारखी उसळते, लांब उभं राहायचं, डोळ्याला चष्मा. दोन पोतं. वर चार बोटं पाणी ठेवून झाकून दिली.

२४ नोव्हेंबर, रविवार

निकाल काल लागले, गावात अजून गुलाल.

बेलदारपुऱ्यातल्या मिस्त्रीबुढ्याला गाडीवर बसवून आणलं. ऐंशीच्या पुढं, हात थरथरतात, थापी धरली की थरथर थांबते. ड्रममधला चुना बोटावर घेऊन चोळला, म्हणाले, "लोन्यासारका झाला. अजून येक म्हयना राहू दे. चुना जितका शिळा तितका गुनाचा." माझ्या सिमेंटकडं पाहून एक शब्द बोलले तो इथं लिहिण्यासारखा नाही.

माल कसा, तर एक चुना, दोन रेती, एक सुर्खी. सुर्खी म्हणजे जुन्या कच्च्या भाजलेल्या विटेची भुकटी, ती घातली की ओलीत पण धरतो. पूर्वी घाण्यात बैल जुंपून मळायचे, आम्ही घमेल्यात पायानं मळला, बूट घालून. बुढेबाबा म्हणत होते बेलफळाचं पाणी आणि गूळ घाल. भिंतीच्या मालात घातलं, त्यांच्या मनासाठी आणि माझ्या पण. संगमरवराजवळ साधाच वापरणार.

आज फक्त भिंतीचा नमुना, एक मीटर. ओलं गोणपाट टाकलं. चुन्याला घाई चालत नाही, तो हवा पिऊन हळूहळू परत दगड होतो. माझ्या धंद्यात सात दिवसांत सेंटरिंग काढायचा आग्रह असतो.

पिंपळ कापला नाही. मुळं भिंतीच्या पोटात गेलीत, उपटलं तर भिंत सोबत येईल. वरून छाटला, बुंध्याची साल चारी बाजूनं काढून ठेवली, वाळला की पाहू. दोघा-तिघांना पिंपळ म्हणून ते पण आवडलं नाही.

१५ डिसेंबर, रविवार

स्वतःचं सिमेंट काढलं. आख्खा दिवस. बारीक छन्नी, लहान हातोडी, फटीच्या मधोमध भोकं पाडत जायचं आणि मग आतल्या बाजूला तोडायचं, दगडाच्या कडेला छन्नी टेकवायची नाही. साडेचार फुटाच्या फटीला सात तास. ते भरायला मला वीस मिनिटं लागली होती.

शेवटच्या वीतभर जागेत सिमेंटनं दगडाला असं धरलं होतं की सिमेंट सुटताना कडेचा टवका घेऊनच सुटलं. अंगठ्याच्या नखाएवढा. तंबाखूच्या रिकाम्या डबीत ठेवला, वर चिठ्ठी, "नंबर ३, उजवी खालची कड, १५/१२/२४". बुढेबाबा म्हणाले चिकटवून टाक. कशानं चिकटवायचा ते माहीत असलेला माणूस भेटेपर्यंत डबीत राहील.

फट चुन्यानं भरली, दगडाच्या कडेपासून जरा आत दाबून. लोणा कोरड्या मऊ ब्रशनं झाडून सुपलीत गोळा केला, पाणी नाही मारलं, पाण्यानं तो परत आत जातो. दगड सरळ करायचा का ह्यावर चर्चा झाली. करता येईल, पण त्यासाठी पाया उकरावा लागेल आणि खाली काय आहे हे सगळ्यांना माहीत आहे. काकांनी फोनवर एकाच शब्दात सांगितलं, "नको."

१२ जानेवारी २०२५, रविवार

नाली झाली! भिंतीच्या बाहेरून, वरच्या अंगानं, दोन वळणं, दोन्ही वळणांवर चेंबर, एकोणीस मीटर जास्त. ठराव डिसेंबरच्या सभेत पास झाला. तालमुदाचं मी सांगितलंच नाही, सांगितलं असतं तर उलटंच झालं असतं. मी एवढंच म्हणलं की काळ्या मातीत पाणी मुरलं की ती फुगते, नाली तिथून नेली तर दोन पावसात फुटेल आणि दुरुस्ती ग्रामपंचायतीच्या माथ्यावर येईल. हे पण खरंच आहे. जास्तीच्या एकोणीस मीटरपैकी अकराचं बिल मंजूर, आठ माझे. ह्यावर घरी जे झालं ते वेगळ्या वहीत.

विरोध करणारे सदस्य उद्घाटनाला आले होते, नारळ त्यांनीच फोडला. फोटोत मधोमध तेच आहेत.

बकऱ्यावाल्या आजीला नालीकडेची पट्टी दिली चारायला, भिंतीच्या बाहेरची. ती खूश नाही. आत उपटलेलं गवत नैऋत्य कोपऱ्यात जाळतो, दगडांपासून लांब, संगमरवराला आच पण चालत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

पुढचं काम भिंतीची दुसरी पडकी बाजू, चुना अर्धा ड्रम शिल्लक. नंबर ७ ची शहाबादी फरशी सुटत चाललीय, तिला हात लावणार नाही, फक्त वर पत्र्याची पडवी करता येते का पाहतोय, पाऊस थेट पडू नये म्हणून. जागेची मोजणी करून नकाशावर दफनभूमी अशी नोंद व्हावी म्हणून अर्ज दिलाय, पोच घेतली.

नंबर ३ च्या माथ्यावर आता सात खडे आहेत. एक काकांचा, बाकीचे कोणाचे विचारलं तर शाळेतली पोरं एकमेकांकडं बोट दाखवतात. एक खडा नाही, काचेची गोटी आहे, निळी. राहू दिली.

ओळंबा सोडला. जूनमधे साडेतीन होता, सप्टेंबरात माती फुगली तेव्हा सव्वातीन. आज परत साडेतीन, आणि बुडाशी नख जाईल एवढी भेग पडायला लागलीय. उन्हाळा अजून यायचाय.